झेड-फोर, २०११ ची, फक्त १७,४०० किलोमीटर. घ्यावी की नको?

लॅबवाली_फोंडा

मंडळी, हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग उत्तर द्या.

आसगावात एका बंगल्याच्या पोर्चमध्ये बीएमडब्ल्यू झेड-फोर उभी आहे. पांढरी, आतून गडद लाल लेदर, दोनच सीट, आणि छप्पर बटण दाबलं की दुमडून डिकीत जातं. ३५आय मॉडेल, म्हणजे तीन लिटरचं, दोन टर्बोंचं पेट्रोल इंजिन. मार्च २०११ ची दिल्ली पासिंग, पण २०१६ पासून गोव्यातच आहे. मालक दिल्लीचे. नाताळात येतात, एरवी एखाद्या लांबलेल्या शनिवार-रविवारी. बंगला सांभाळणारा माणूस शुगर तपासायला आमच्या लॅबमध्ये येतो, त्याच्याकडून कळलं. मागतात साडेएकोणीस लाख.

माझं वय ५३. वॅगनआर चालवते, ती चांगली आहे, तिच्याविषयी तक्रार नाही. मुलगा पुण्यात नोकरीला लागला, त्याच्या शिक्षणाचं कर्ज फिटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा हातात असा पैसा आहे जो कुणाच्या फीचा नाही की कुणाच्या लग्नाचा नाही. ह्यांचं म्हणणं, एवढ्या पैशात कोरी करकरीत एसयूव्ही येईल, पाच माणसं बसतील, मागे नारळाची दोन पोती मावतील. सगळं कबूल. पण मला एसयूव्ही नको आहे. सासूबाई ८१ वर्षांच्या. त्यांनी फोटो बघितला आणि विचारलं, "तीतून मला कवळ्याला देवीला नेशील ना?" म्हणजे घरात मतं समसमान आहेत.

हीच गाडी का, तर आमच्या कॉलेजच्या दिवसांत 'बायकांनी चालवायच्या गाड्या' म्हणून काय काय ऐकून घेतलंय. या झेड-फोरचं बाहेरचं रूप युलियाने ब्लासीने आणि आतलं नादिया अर्नाउटने केलं. दोघी बायका. हे वाचल्यापासून फोटो बघायचं थांबवता येईना.

आता खरं काय दिसलं ते. गाडी एका स्टार्टरमध्ये चालू झाली. छप्पर अर्धं उघडून जरा थबकलं, मग गेलं. आत बुरशीचा वास. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला तर शेवटच्या वीतभर पट्ट्यावर पांढुरकी बुरशी, आणि सीट सरकते त्या पट्टीवर गंजाचे ठिपके. बाहेरून मात्र काचेसारखी चकचकीत. आसगावातल्या आतल्या रस्त्यावर थोडी चालवू दिली. इंजिन गुळगुळीत, आवाज नाही. ब्रेक पहिल्या दोन-चार वेळा खर्रर्र झाले, मग शांत.

मालक फोनवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "चौदा वर्षांत सतरा हजार किलोमीटर, मॅडम, नवीनच समजा." मला प्रश्न हाच पडलाय. नवीनच समजू का?

कुर्टीचा_बाब

ताई, दोन सीट, डिकी नावाची, आणि आपल्याकडचे गतिरोधक. आमच्या वाड्यावरचा एक गतिरोधक तर ट्रॅक्टरसुद्धा आडवा घालून पार करतो. यजमानांचं ऐका.

जुना_फिटर_म्हापसा

बाय, तुम्ही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितलात तिथेच मला कळलं की तुमच्याशी नीट बोलायला हरकत नाही. गाडी विकणारा बॉनेट पुसतो, सीटबेल्टची गुंडाळी कुणी पुसत नाही.

नवीन समजू नका. पावसाळ्यात बंद राहिलेलं घर आणि माणसं राहती असलेलं घर, दोन्ही एकाच वर्षी बांधलेली असली तरी दहा वर्षांनी कुठलं आधी गळतं ते तुम्हाला सांगायला नको. गाडीचं तेच. जून ते सप्टेंबर आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर समुद्राची खारी हवा, आणि आसगाव किनाऱ्यापासून किती लांब? हणजूण उडी मारली की आलंच. रबर, सील, होस, पॅकिंग यांना किलोमीटर कळत नाहीत, त्यांना वर्षं कळतात. चालती गाडी गरम होते, तिच्यातला ओलावा उडतो, तेल फिरतं, सील ओलं राहतं. उभ्या गाडीत यातलं काहीच होत नाही. ब्रेक खर्रर्र झाले ते डिस्कवरच्या गंजामुळे. वरवरचा असेल तर चालवून जातो, खड्डे पडले असतील तर डिस्क बदला. बोट फिरवून बघा, नखाला कंगोरा लागला तर बदलायची.

आता या इंजिनाविषयी. एन-५४ म्हणतात त्याला. चालवायला लाजवाब, ३०६ हॉर्सपॉवर, खालपासून ओढ. पण त्याचे चार-पाच दुखरे सांधे जगभर माहीत आहेत. पहिला, हाय प्रेशर फ्युएल पंप. २०१० साली बीएमडब्ल्यूने अमेरिकेत याच पंपापायी गाड्या परत बोलावल्या होत्या, त्यांत झेड-फोरसुद्धा होती. पंप दमला की सकाळी थंड इंजिन बराच वेळ स्टार्टर खातं, चढावर ताकद मरते. दुसरा, वॉटर पंप. तो पट्ट्यावर नाही, विजेवर चालतो आणि जाताना सांगून जात नाही, एकदम तापमान चढतं. तिसरा, टर्बोचे वेस्टगेट, म्हणजे टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपा. आरामात चालवताना किंवा पाय सोडताना पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज आला तर तेच. चौथा, वरच्या व्हॉल्व्ह कव्हरचं आणि ऑइल फिल्टर हाउसिंगचं पॅकिंग. वयाने कडक होतं आणि तेल पाझरतं. गरम तेलाचा जळका वास केबिनमध्ये येतो.

शिवाय इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, त्यांवर काजळी चढते. मालकाने गाडी बंगल्यापासून बीचवरच्या शॅकपर्यंत आणि परत अशीच चालवली असणार. इंजिन तापायच्या आत बंद. काजळीला याहून चांगली सोय नाही. ती काढायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारतात. थट्टा नाही, खरंच अक्रोड. आपल्या म्हापशाच्या बाजारात काजूची टरफलं ढिगाने मिळतात, पण त्यांचं तेल अंगाला लागलं की फोड येतात, तेव्हा अक्रोडच बरा.

छप्पर थबकलं ते हलकं घेऊ नका. ॲल्युमिनियमचं दोन तुकड्यांचं छप्पर आहे, हायड्रॉलिक पंपावर चालतं, २० सेकंदांत पूर्ण व्हायला हवं. थबकलं म्हणजे बॅटरी मेलेली, किंवा तेल कमी, किंवा पंप थकलेला. याच क्रमाने तपासा, कारण याच क्रमाने पैसे वाढतात. आणि छपराच्या कडेने पाणी जायच्या ज्या बारीक नळ्या असतात त्यांच्या तोंडाशी आंब्याची पानं कुजलेली आहेत का ते बघा. तुमचा बुरशीचा वास तिथूनच आत येत असेल असा माझा अंदाज. वाटीभर पाणी ओता. खाली जमिनीवर पडलं तर ठीक. पडलंच नाही तर पाणी गाडीत कुठेतरी आहे. डिकीतला गालिचा उचला, बॅटरी तिथेच खाली असते.

मी असतो तर काय केलं असतं? किलोमीटर विसरलो असतो आणि बिलं मागितली असती. दर वर्षी तेल बदललं का, दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदललं का. बिलांची फाईल जाड असलेली साठ हजार किलोमीटरची गाडी मी या सतरा हजारवालीच्या आधी घेईन, तीही शंभर वेळा.

चोर्ला_दर_रविवारी

काकांनी घाबरवलंय तेवढी वाईट गाडी नाही हो. माझ्याकडे झेड-फोर नाही, दुसरी जुनी दोन सीटची आहे, पण मित्राची झेड-फोर मी चोर्ला घाटात चालवली आहे. सप्टेंबरअखेरीस, पाऊस ओसरलेला, छप्पर उघडं, सुर्लाच्या वळणावर कारवीचा आणि ओल्या मातीचा वास थेट नाकात. तुम्ही मागच्या चाकांच्या लगेच पुढे बसता आणि समोर लांबलचक बॉनेट, त्यामुळे वळणात गाडी तुमच्या कमरेतून फिरते असं वाटतं. एसयूव्हीत हे मिळायचं नाही.

कुर्टीच्या बाबांना: गतिरोधक तिरके घ्यायचे, एक चाक आधी, एक नंतर. जमतं. खरी कटकट टायरांची. रनफ्लॅट असतात, स्टेपनी नसतेच. पंक्चर झाल्यावर हळूहळू काही अंतर जाता येतं, पण बाजूची भिंत कडक, आपल्या खड्ड्यांत कंबर सांगते. आणि डिकी अगदीच 'नावाची' नाही. छप्पर वर असताना ३१० लिटर, दुमडलं की १८०. नारळाचं एक पोतं मावेल, दोन नाही.

पेट्रोलचं मात्र बघा. आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्या काळातल्या या गाड्या १० टक्क्यांपर्यंतच्या हिशोबाने बनल्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. रोज टाकी संपणाऱ्या गाडीत फारसं बिघडत नाही, पण टाकी भरून चार महिने पोर्चमध्ये उभी ठेवली तर आपल्या हवेत काय होईल ते लॅबवाल्यांना मी काय सांगू.

कागदपत्र_पणजी

इंजिनावर सगळे बोलले, मी कागदावर बोलतो.

दिल्ली पासिंग आणि मार्च २०११. म्हणजे येत्या मार्चमध्ये पंधरा वर्षं भरतात. विकायची घाई यातच आहे. दिल्ली आणि आजूबाजूच्या एनसीआरमध्ये पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदीचा आदेश आहे, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो उचलून धरला, पण २०२५ मध्ये त्याची अंमलबजावणी शिथिल केली. तिथे परत नेण्यात धास्ती आहे हे मालकांना पक्कं माहीत असणार. भाव करताना हे लक्षात असू द्या.

दुसरं. परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. ही २०१६ पासून इथे आहे आणि अजून डीएल, म्हणजे दिल्लीचाच नंबर. तो भार तुम्ही उचलणार, तेव्हा तोही भावातून गेला पाहिजे. दिल्लीच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, मालकाच्या नावाने आधी हातात येऊ द्या. थकलेली चलनं असतील तर ती भरल्याशिवाय निघत नाही. मग मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, मग फोंड्याचा जीए-०५ नंबर. बँकेचा बोजा आरसीवर असेल तर तो फॉर्म ३५ ने उतरवलेला हवा. गोव्यात टॅक्स किती बसेल ते आरटीओतच विचारून आकडा आधी हातात घ्या.

तिसरं, जे कुणाला आठवत नाही. गाडी आयात केलेली आहे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण साध्या मोटारीला ५,००० रुपये, पण आयात केलेल्या चारचाकीला ४०,०००. एप्रिल २०२२ पासून हे दर आहेत. नूतनीकरण पाच वर्षांचं असतं, आणि फिटनेस पास व्हावं लागतं. आणि विमा, खरेदीनंतर चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. मालकाचा नो-क्लेम बोनस त्यांच्याबरोबर जातो, तुम्हाला मिळत नाही.

सॅन_स्टॉर्मचा_चाहता

विषयांतर माफ. दोन सीटची उघडी गाडी म्हटली की मला सॅन स्टॉर्म आठवते. फायबरची बॉडी, रेनोचं ११४९ सीसी इंजिन. आसगाव असो वा मिरामार, बॉडीला गंज चढायचा प्रश्नच नाही! कुणाकडे चालू स्थितीतली असेल तर कळवा. लॅबताईंनी झेड-फोर सोडली तर त्यांच्याआधी मी.

लॅबवाली_फोंडा

सगळ्यांना देव बरें करूं. सॅन स्टॉर्मवाले, रांगेत उभे रहा.

फिटरकाका, एक शंका. सतरा हजार खरे कशावरून? रिपोर्टवर आकडा छापला म्हणून मी तो खरा मानत नाही, सॅम्पल कुठून आलं ते आधी विचारते.

जुना_फिटर_म्हापसा

बरोबर विचारलंत. मीटर मागे घेणं आजकाल पोरखेळ आहे, पण या पिढीच्या बीएमडब्ल्यूत आकडा एकाच जागी नसतो. मीटरमध्ये असतो, चावी ओळखणाऱ्या मॉड्यूलमध्ये असतो, आणि चावीतही नोंद राहते. दोन्ही चाव्या मागा. अधिकृत ठिकाणी किंवा चांगला स्कॅनर असलेल्याकडे वाचून घ्या. दुसरी चावी 'सापडत नाही' म्हणाले तर ती सापडेपर्यंत तुम्हालाही वेळ सापडत नाही म्हणा.

टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगचं डावीकडचं लेदर, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड, हे तिन्ही एकमेकांशी बोलतात. एक जरी वेगळं बोललं तर समजायचं.

म्हापशात आणलीत तर लिफ्टवर घेऊन बघू. पण सकाळी आणा, आणि बंगलेवाल्याला सांगून ठेवा की आधी चालू करून ठेवायची नाही. इंजिन गार हवं.

लॅबवाली_फोंडा

झालं सगळं. लिहिते, कारण असा धागा अर्धा सोडून गायब होणाऱ्यांचा मला फार राग येतो.

चारही टायर ४३१०. म्हणजे २०१० चा त्रेचाळिसावा आठवडा, मार्च २०११ च्या नोंदणीशी जुळणारा. नक्षी पुष्कळ शिल्लक, पण खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा, नख लावलं की उघडतात. फिटरकाका म्हणाले, "बाय, हा पुरावा दोन्ही बाजूंचा आहे." किलोमीटर खरे, कारण पहिलेच टायर अजून झिजले नाहीत. आणि टायर चारही फेकायचे, कारण पंधरा वर्षांचं रबर आहे. दुसरी चावी सापडली. दोन्ही चाव्यांतला आकडा मीटरशी जुळला.

बिलांची फाईल २०१६ पर्यंत छान, दर वर्षीचं दिल्लीचं बिल. मग २०१९ चं एक. त्यानंतर काही नाही. मालकांना विचारलं तर म्हणाले, "चाललीच नाही तर सर्व्हिस कशाला?" मी काही बोलले नाही. आमच्याकडेही लोक म्हणतात, काही होत नाही मग तपासायचं कशाला.

गार इंजिन चालू केलं तेव्हा स्टार्टर चांगलाच रेंगाळला. मला आसगावात एका दमात चालू झालेली आठवत होती, तर बंगलेवाला हळूच म्हणाला की त्या दिवशी साहेबांचा फोन आला होता, मॅडम यायच्या आधी अर्धा तास चालू ठेव. स्कॅनरने थंड असताना इंधनाचा दाब कमी दाखवला. पंप जाणार. व्हॉल्व्ह कव्हरच्या मागच्या कडेला तेल पाझरलंय, ते खाली एक्झॉस्टवर ठिबकायच्या बेतात. वेस्टगेटचा आवाज नाही. खाली बोल्ट गंजलेत, पण मुख्य सांगाडा स्वच्छ. पाण्याच्या नळ्यांत डावीकडची साफ, उजवीकडची तुडुंब. काकांनी पातळ वायर घालून ओढली तर आधी पानं आली, मग काळा गाळ, मग मुंग्यांचं आख्खं वारूळ. डिकीतला गालिचा खालून ओला. छप्पर मात्र नवीन बॅटरी लावून बघितल्यावर न थबकता गेलं, त्यामुळे पहिल्याच पायरीवर सुटका झाली.

काकांनी कागदावर खर्च मांडला: टायर, पंप, वॉटर पंप आताच बदलून टाकायचा, पॅकिंगं, सगळी तेलं, बॅटरी, काजळी काढणं. वर कागदपत्रवाल्यांचे ४०,००० आणि टॅक्स. बेरीज बघून ह्यांनी चष्मा काढून पुसला. मी तो कागद तसाच मालकांना पाठवला, स्कॅनरच्या फोटोसकट, आणि साडेतेरा लाख सांगितले. ते चिडले. चिडू देत. मार्च त्यांचा जवळ येतोय, माझा नाही. तीन-चार दिवसांनी स्वतःच फोन केला. पावणेपंधरावर ठरलं, पण फॉर्म २८ आणि चलनांची पावती हातात आल्यावरच पैसे. तोवर बयाणासुद्धा नाही. एनओसीचा अर्ज त्यांनी केलाय, मला नंबर पाठवला, मी स्वतः पोर्टलवर बघून खात्री केली.

घरी सिमेंटच्या पत्र्याची शेड होती ती तिन्ही बाजूंनी बंद करून घेतेय. पावसाळ्यातसुद्धा आठवड्यातून एकदा तरी, जवळच्या फर्मागुडीपर्यंत नव्हे, थेट पणजीपर्यंत नेणार, इंजिन नीट तापेल एवढी. नाहीतर आसगावच्या पोर्चमधून उचलून फोंड्याच्या शेडमध्ये ठेवायची, यात काय अर्थ आहे? हे अजून एसयूव्हीचंच म्हणतात, पण परवा छपराचं बटण कुठे असतं ते मला न विचारता दाखवत होते.

काका, छपराच्या हायड्रॉलिकला कुठलं तेल घालायचं? दुकानदार म्हणतो स्टिअरिंगचं चालतं.

जुना_फिटर_म्हापसा

दुकानदाराला त्याच्या गाडीत घालू दे. गाडीबरोबरचं पुस्तक मागून घ्या, पार्ट नंबर जुळवूनच मागवू. आणि टायर बदलल्याशिवाय आसगावाहून फोंड्याला चालवत आणू नका. तुम्ही झुआरी पुलावर जाणार नाही, पण बाणस्तारीच्या अलीकडे जरी भेग उघडली तरी पुरे. फ्लॅटबेडवर आणा, आधी माझ्याकडे.

कुर्टीचा_बाब

ताई, आमच्या वाड्यावरच्या गतिरोधकाचं पंचायतीला लिहून दिलंय. तुमचं नाव घातलं नाही.